आरोग्याच्या धोक्यांचा नकाशा: वाराणसी शहराच्या उदाहरणातून भौगोलिक माहिती प्रणालीची ओळख

१. प्रस्तावना

‘वाराणसीत गंगेचे पाणी किती प्रदूषित आहे?’ या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येत नाही. घाटांच्या दक्षिण टोकाला, शहरात शिरण्यापूर्वीच्या प्रवाहात बाटली भरली तर एक आकडा मिळतो. उत्तर टोकाला, वरुणा नदी जिथे गंगेला मिळते त्याच्या खाली बाटली भरली तर त्याच दिवशी कितीतरी मोठा आकडा मिळतो. दोन्ही आकडे खरे असतात. त्यांची सरासरी काढली तर मात्र ती कोणत्याही घाटाची खरी स्थिती सांगत नाही.

म्हणून पर्यावरण आणि आरोग्य यांचा अभ्यास करताना ‘किती’ या प्रश्नाला ‘कुठे’ हा प्रश्न जोडावा लागतो. हे काम पद्धतशीरपणे करण्याचे साधन म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली, जिला आपण जीआयएस या नावाने ओळखतो. या पाठात वाराणसी शहर समोर ठेवून हे साधन कसे वापरायचे, त्यातून काय कळते आणि काय कळत नाही, हे आपण पाहणार आहोत.

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला
• धोका, संपर्क आणि असुरक्षितता या तीन संकल्पनांतील फरक सांगता येईल;
• एका शहराच्या माहितीचे वेगवेगळे थर एकमेकांवर ठेवून वाचता येतील;
• आरोग्याच्या नकाशात नेहमी होणाऱ्या चुका ओळखता येतील;
• स्वतःच्या गावासाठी लहानसा अभ्यास आखता येईल.

२. मूळ संकल्पना

जीआयएसमध्ये प्रत्येक माहितीला जागा असते. हातपंप, घाट, दवाखाना हे बिंदू. नाला, नदी, जलवाहिनी या रेषा. प्रभाग, तलाव, पूरक्षेत्र ही बंदिस्त क्षेत्रे. एका प्रकारच्या माहितीचा एक थर होतो. सगळ्या थरांना अक्षांश-रेखांशाचा समान आधार असल्यामुळे ते पारदर्शक कागदांसारखे एकमेकांवर ठेवता येतात. यालाच थरांचे अध्यारोपण म्हणतात.

या पद्धतीचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण संगणकाच्या फार आधीचे आहे. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू झालेली घरे नकाशावर मांडली. मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाभोवती दाटलेले दिसले. पण स्नो तिथे थांबले नाहीत. पंपाजवळ असूनही ज्या मद्यनिर्मितीच्या कारखान्यातील कामगार वाचले, ते ते पाणी पीत नव्हते, हे त्यांनी चौकशी करून शोधले. नकाशाने संशय कुठे घ्यायचा ते दाखवले, खात्री चौकशीने झाली. हा क्रम या पाठात शेवटपर्यंत लक्षात ठेवा.

आता तीन शब्दांचा अर्थ नीट समजून घेऊ. धोका म्हणजे अपाय करू शकणारी गोष्ट, उदाहरणार्थ मैलापाण्यातील जिवाणू. संपर्क म्हणजे ती गोष्ट माणसापर्यंत पोहोचणे. असुरक्षितता म्हणजे पोहोचल्यावर ती सोसण्याची किंवा टाळण्याची क्षमता कमी असणे. नाल्याचे मुख हे धोक्याचे ठिकाण आहे. त्या मुखाजवळ रोज कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून कपडे धुणारा धोबी हा संपर्कात आहे. त्याच्या घरी शौचालय नसेल आणि आजारपणात एक दिवसाची मजुरी बुडणे परवडत नसेल, तर तो असुरक्षितही आहे. नुसत्या धोक्याचा नकाशा काढला तर हा माणूस त्यात दिसत नाही. तिन्ही थर एकत्र आले की आरोग्याच्या जोखमीचा नकाशा तयार होतो.

३. पहिला थर: भूमी आणि जुने पाणी

वाराणसी साधारण २५.३ अंश उत्तर अक्षांश आणि ८३ अंश पूर्व रेखांशावर आहे. येथे गंगा चंद्रकोरीसारखे वळण घेऊन उत्तरेकडे वाहते. जुने शहर वळणाच्या बाहेरच्या बाजूला, पश्चिमेच्या उंच आणि टणक काठावर वसले आहे. पूर्वेचा काठ सखल व रेताड आहे. उन्हाळ्यात तिथे विस्तीर्ण वाळवंट दिसते आणि पावसाळ्यात तो पाण्याखाली जातो. दक्षिणेची अस्सी आणि उत्तरेची वरुणा या दोन प्रवाहांच्या दरम्यान घाटांची रांग आहे.

या शहराचा एक महत्त्वाचा जुना नकाशा १८२२ मधला आहे. तो जेम्स प्रिन्सेप यांनी तयार केला. पुढे ब्राह्मी लिपीचा उलगडा केल्यामुळे प्रसिद्ध झालेले हेच प्रिन्सेप त्या वेळी वाराणसीच्या टांकसाळीत अधिकारी होते. शहरातील सांडपाणी नदीकडे नेणाऱ्या भूमिगत नाल्याचे कामही त्यांच्या पुढाकाराने झाले. त्या काळी शहराच्या आत अनेक तळी आणि ओढे होते. मत्स्योदरी आणि मंदाकिनी ही तळी पुढे आटवली गेली, भरली गेली. आजच्या मैदागिन या नावात मंदाकिनी लपलेली आहे. गोदौलिया या गजबजलेल्या चौकाचे नावही तिथून वाहणाऱ्या ‘गोदावरी’ नावाच्या ओढ्यावरून आले, असे सांगितले जाते.

हा इतिहास आपल्याला कशासाठी हवा? तळे बुजवले तरी जमिनीचा खोलगटपणा सहज जात नाही. पावसाचे पाणी जुन्या वाटेने येत राहते. म्हणून जुना नकाशा संगणकावर घेऊन, आजही जागेवर असलेली देवळे, घाट व चौक यांच्या आधारे तो आजच्या नकाशावर बसवायचा. या क्रियेला भू-संदर्भीकरण म्हणतात. मग आज कुठे पाणी तुंबते, ती ठिकाणे त्यावर मांडायची. जुनी तळी आणि आजची तुंबणारी ठिकाणे एकमेकांवर पडतात का, हे तपासण्याजोगे गृहीतक आहे. तुंबलेले पाणी म्हणजे डासांची पैदास आणि सांडपाणी व पिण्याचे पाणी एकत्र येण्याची शक्यता. त्यामुळे हा प्रश्न थेट आरोग्याचा आहे.

४. दुसरा थर: उंची आणि पूर

वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी समुद्रसपाटीपासून ७१.२६२ मीटर मानली जाते. १९७८ च्या महापुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. म्हणजे धोक्याची पातळी आणि आतापर्यंतचा सर्वांत मोठा नोंदलेला पूर यांत सुमारे २.६ मीटरचे अंतर आहे.

पुराचे चित्र घाटांच्या पायऱ्यांवरून डोळ्यांसमोर येते. पण आरोग्याच्या दृष्टीने मोठी अडचण वरुणेच्या काठी होते. गंगा चढली की तिचे पाणी वरुणेत उलटे शिरते आणि कोनिया, सरैया, नक्खी घाट यांसारख्या सखल वस्त्यांत पसरते. यांत विणकरांच्या आणि मजुरांच्या वस्त्या आहेत. शौचालयांचे खड्डे भरून वाहू लागतात, हातपंप बुडतात, मागाच्या खड्ड्यात पाणी साचल्याने रोजगारही थांबतो. धोका, संपर्क आणि असुरक्षितता हे तिन्ही थर इथे एकाच जागी येतात.

पूरक्षेत्र काढण्यासाठी विद्यार्थी बहुधा उपग्रह किंवा अवकाशयानातून मिळालेले उंचीचे मोफत प्रारूप उतरवून घेतात. फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून झालेल्या रडार सर्वेक्षणाचे एसआरटीएम प्रारूप आणि इस्रोच्या ‘भुवन’ संकेतस्थळावरील कार्टोसॅटचे प्रारूप ही त्याची उदाहरणे. येथे सावध राहा. अशा प्रारूपात उंचीची चूक काही मीटरची असू शकते. शिवाय दाट वस्तीत रडारला जमीन दिसत नाही, छपरे दिसतात. ज्या शहरात २.६ मीटरचा फरक निर्णायक आहे, तिथे इतकी चूक असलेल्या प्रारूपावरून ‘हे घर बुडेल, ते बुडणार नाही’ असे सांगता येत नाही. प्रारूपावरून ढोबळ उतार समजून घ्या. घरांच्या भिंतींवरील जुन्या पुराच्या खुणा, रहिवाशांची माहिती आणि प्रत्यक्ष सर्वेक्षण यांनी तो नकाशा दुरुस्त करा.

५. तिसरा थर: नाले आणि नदीचे पाणी

गंगा कृती योजना १९८६ मध्ये सुरू झाली. तिच्या पहिल्या टप्प्यात दीनापूर येथे दररोज ८० दशलक्ष लिटर क्षमतेचे मैलापाणी शुद्धीकरण केंद्र उभे राहिले. अलीकडच्या काळात दीनापूर येथे आणखी १४०, गोइठहा येथे १२० आणि रमना येथे ५० दशलक्ष लिटर क्षमतेची केंद्रे आली. हे आकडे क्षमतेचे आहेत. किती सांडपाणी खरोखर गटारांतून केंद्रापर्यंत पोहोचते हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो नकाशाचा प्रश्न आहे. कोणत्या गल्लीचे गटार कोणत्या वाहिनीला जोडले आहे, पंपिंग केंद्र कुठे आहे, वीज गेली किंवा जोराचा पाऊस आला तर पाणी कोणत्या मुखातून नदीत सुटते, हे रेषांच्या थरावर मांडल्याशिवाय कळत नाही.

ठिकाणाचा क्रम किती महत्त्वाचा असतो, हे अस्सीवरून समजते. अस्सीचे पाणी पूर्वी अस्सी घाटाजवळ गंगेला मिळत असे. पुढे तिचा प्रवाह दक्षिणेला, नगव्याच्या बाजूला वळवण्यात आला. गंगा इथे दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, हे आठवा. म्हणजे नाल्याचे मुख घाटांच्या वरच्या अंगाला गेले. त्याखाली अस्सी घाट, तुळशी घाट आणि शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी गंगेचे पाणी उचलणारे भदैनीचे केंद्र आहे. नगव्याकडचे सांडपाणी अडवून रमन्याला नेणे किती गरजेचे आहे, हे या एका क्रमावरून समजते. प्रवाहाची दिशा दाखवणारा बाण नसलेला नदीचा नकाशा म्हणूनच अपुरा असतो.

पाण्याची गुणवत्ता मांडताना नकाशावर मानक दिसले पाहिजे. उघड्यावरील स्नानाच्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणू ५०० पर्यंत असणे इष्ट आणि २,५०० ही कमाल मर्यादा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी लिटरमागे ३ मिलिग्रॅमपर्यंत आणि विरघळलेला ऑक्सिजन किमान ५ मिलिग्रॅम असावा लागतो. वाराणसीत जलअभियांत्रिकीचे प्राध्यापक आणि संकटमोचन मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेली संकटमोचन फाउंडेशन ही संस्था तुळशी घाटावरील प्रयोगशाळेत अनेक वर्षे पाण्याची तपासणी करत आली आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात, सर्वाधिक प्रदूषित भागात हे प्रमाण १०० मिलिलिटरमागे १० कोटींपर्यंत गेल्याचे नोंदवले आहे. हे कमाल मर्यादेच्या ४०,००० पट होते.

इतका मोठा पल्ला असलेले आकडे समान अंतराच्या रंगवर्गांत दाखवले तर एकच ठिकाण गडद दिसते आणि बाकी सगळे स्वच्छ भासतात. मर्यादेच्या दहापट प्रदूषित असलेला घाटही फिकट रंगात जातो. म्हणून इथे १००, १,०००, १०,००० अशा दहाच्या पटींत वर्ग पाडावेत आणि २,५०० ची रेषा स्वतंत्रपणे दाखवावी. रंगांची निवड ही सजावट नसते. कोणता घाट काळजीचा वाटेल, हे तीच ठरवते.

६. चौथा थर: भूजल आणि हवा

गंगेच्या मैदानात गाळाचे दोन प्रकार तुम्ही शिकला आहात. उंच भागातील जुना गाळ म्हणजे भांगर आणि पूरमैदानातील नवा गाळ म्हणजे खादर. मध्य गंगा मैदानात भूजलातील आर्सेनिक प्रामुख्याने नव्या गाळाच्या प्रदेशात आढळते. वाराणसी परिसरातही पूर्वेकडील सखल काठ आणि पश्चिमेकडील उंच काठ यांची तुलना या दृष्टीने केली जाते. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मान्य मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. आर्सेनिकला रंग, वास वा चव नसते, त्यामुळे तपासणीशिवाय ते ओळखता येत नाही.

इथे अंतर्वेशनाचा मोह आवरायला हवा. काही बिंदूंवरील मोजमापांवरून मधल्या जागेचे अंदाज काढणे म्हणजे अंतर्वेशन. संगणक ते क्षणात करून सुंदर रंगीत पट्टे दाखवतो. पण आर्सेनिकचे प्रमाण काही मीटर अंतरावरील दोन हातपंपांतही फार वेगळे असू शकते, कारण ते पंपाच्या खोलीवरही अवलंबून असते. हिरव्या पट्ट्यात आले म्हणून एखादा पंप सुरक्षित ठरवणे धोक्याचे आहे. या विषयात नकाशा ‘कोणत्या गावांत आधी तपासणी करावी’ एवढेच सांगू शकतो. पंपाचा निकाल मात्र त्या पंपाच्या पाण्यावरूनच लागतो.

हवेचेही तसेच. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला आणि त्यात वाराणसीचा समावेश आहे. पीएम २.५ या सूक्ष्म कणांसाठी भारताचे वार्षिक मानक घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली पातळी ५ आहे. अर्दली बाजार, भेलूपूर, मलदहिया, बनारस हिंदू विद्यापीठ अशा मोजक्या ठिकाणच्या स्थानकांवरून सगळ्या गल्ल्यांची हवा ठरवता येत नाही. उपग्रह संपूर्ण प्रदेश पाहतो, पण तो जमिनीपासून वरपर्यंतच्या सगळ्या हवेतील कणांचा एकत्रित परिणाम मोजतो. शिवाय हिवाळ्यात दाट धुके व ढग असताना, म्हणजे अनेकदा हवा सर्वांत वाईट असताना, त्याला काही दिसत नाही. रिकाम्या दिवसांचा अर्थ ‘चांगले दिवस’ असा लावू नका.

७. आजारांचा नकाशा वाचताना

वर उल्लेखलेला २००६ चा अभ्यास स्टीव्ह हॅमनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आहे. त्यांनी गंगेचा वापर करणाऱ्या रहिवाशांना प्रश्नावली देऊन आधीच्या एका वर्षातील आजारांची माहिती घेतली. पाण्यातून पसरणाऱ्या आणि पोटाच्या आजारांचे प्रमाण सुमारे ६६ टक्के आढळले. पटकीचे ३३ रुग्ण मिळाले, ते सगळे नदीत स्नान करणाऱ्या किंवा कपडे धुणाऱ्या कुटुंबांतील होते. नदीशी असा संबंध नसलेल्या कुटुंबांत एकही नव्हता. मात्र घरी शौचालय व गटार नसणे, कमी उत्पन्न आणि कमी शिक्षण यांचाही आजारांशी संबंध दिसला. म्हणजे नदीजवळ राहणे हे एकच कारण धरून चालणार नाही. नदीचा वापर आणि गरिबी हे दोन थर एकाच वस्तीवर पडतात, तेव्हा कोणत्या थराचा वाटा किती, हे सांख्यिकीने वेगळे करावे लागते.

आजारांचे नकाशे काढताना पुढील चार गोष्टी तपासा.

(अ) संख्या की दर? समजा, एका प्रभागात २०,००० लोकांत ४० रुग्ण आहेत आणि दुसऱ्यात ३,००० लोकांत १५. पहिल्यात रुग्ण जास्त, पण दर हजारी २. दुसऱ्यात दर हजारी ५. लक्ष आधी दुसऱ्याकडे जायला हवे. वाराणसीत आणखी एक अडचण आहे. २०११ च्या जनगणनेत महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे १२ लाख होती, पण कार्तिक पौर्णिमेसारख्या पर्वाला घाटांवर असणारी गर्दी या छेदात धरलेली नसते.

(आ) पत्ता कोणाचा? बनारस हिंदू विद्यापीठाच्या सर सुंदरलाल रुग्णालयात पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारमधूनही रुग्ण येतात. रुग्णालयाचा बिंदू मांडला तर लंका परिसरच रोगट दिसेल. राहण्याचे ठिकाण मांडा आणि शक्य असेल तर संपर्काचे ठिकाणही मांडा. नावाड्याचे घर एका गल्लीत असते, पण त्याचा दिवस पाण्यावर जातो.

(इ) सीमा कोणाच्या? प्रभागांच्या सीमा बदलल्या की त्याच माहितीचे चित्र बदलते. मोठ्या, मिश्र प्रभागाच्या सरासरीत नाल्याकाठची एक वस्ती सहज हरवते. तसेच प्रभागाच्या सरासरीवरून त्यातील एखाद्या व्यक्तीबद्दल निष्कर्ष काढता येत नाही.

(ई) कोण दिसत नाही? दवाखान्यात न गेलेला रुग्ण नोंदीत नसतो. अधिकृत नकाशात न दाखवलेली झोपडपट्टी लोकसंख्येत नीट मोजली जात नाही. नकाशावरचा पांढरा भाग म्हणजे निरोगी भाग नव्हे. तिथे मोजायला कुणी गेले का, हे आधी विचारा.

याला जोडून एक नैतिक नियम आहे. रुग्णाच्या घराचा अचूक बिंदू प्रसिद्ध करू नये. क्षयरोगासारख्या आजारात अशा एका बिंदूमुळे एखाद्या कुटुंबावर बहिष्काराची वेळ येऊ शकते. माहिती वस्ती किंवा प्रभागाच्या पातळीवर एकत्र करूनच दाखवावी.

८. तुमच्या गावासाठी अभ्यासाचा आराखडा

ही पद्धत फक्त काशीपुरती नाही. २०१२ मध्ये इचलकरंजीत हिपॅटायटिस ई या पाण्यातून पसरणाऱ्या विषाणूमुळे काविळीची मोठी साथ आली होती. पंचगंगा असो, नाशिकची गोदावरी असो की तुमच्या गावचा ओढा, पायऱ्या त्याच राहतात.

१) एकच नेमका प्रश्न ठरवा. ‘प्रदूषणाचा अभ्यास’ हा प्रश्न नव्हे. ‘नाल्यापासून १०० मीटरच्या आत असलेल्या हातपंपांत जिवाणू अधिक आढळतात का?’ हा प्रश्न आहे.
२) मोबाइलच्या जीपीएसने हातपंप, नाल्याची मुखे व शौचालये यांच्या नोंदी घ्या. प्रत्येक नोंदीसोबत तारीख, वेळ आणि पावसाची स्थिती लिहा.
३) क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. अंतर मोजण्यापूर्वी माहिती मीटरमधील प्रक्षेपणात आणा. यूटीएम पद्धतीत वाराणसी ४४ उत्तर या पट्ट्यात येते, तर पुणे व कोल्हापूर ४३ उत्तरमध्ये. अंशांत मोजलेले अंतर निरुपयोगी ठरते.
४) नाल्याभोवती १०० मीटरचा बफर काढा आणि आतील व बाहेरील पंपांची तुलना करा. पंपाची खोली आणि भोवतीचा ओटा फुटला आहे का, हेही नोंदवा.
५) पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यात, असे किमान दोनदा नमुने घ्या.
६) तयार नकाशा वस्तीतील लोकांना दाखवा. ‘इथे एक बुजवलेली विहीर होती’ किंवा ‘हा पंप आम्ही वापरतच नाही’ ही माहिती त्यांच्याकडूनच मिळेल.

९. सारांश

आरोग्याच्या जोखमीचा नकाशा धोका, संपर्क आणि असुरक्षितता यांच्या थरांतून तयार होतो. वाराणसीत नाल्याचे मुख घाटांच्या वर आहे की खाली, पंप खादरमध्ये आहे की भांगरवर, घर वरुणेच्या सखल काठी आहे की उंचावर, यावर माणसाची जोखीम बदलते. नकाशा कारण सिद्ध करत नाही. तो चौकशीची जागा आणि कामाचा क्रम दाखवतो. नळ, गटार आणि दवाखाना कुठे आधी पोहोचेल, हे अनेकदा अशाच नकाशांवरून ठरते. त्यामुळे नकाशातून सुटलेली वस्ती सोयींतूनही सुटू शकते.

१०. स्वाध्याय

१) धोका, संपर्क आणि असुरक्षितता यांतील फरक तुमच्या परिसरातील एका उदाहरणाने स्पष्ट करा.
२) एसआरटीएम प्रारूपावरून वाराणसीतील घरनिहाय पूरनकाशा का काढू नये?
३) विष्ठाजन्य कोलिफॉर्मच्या नकाशात दहाच्या पटींतील वर्ग का वापरावेत?
४) तुमच्या गावातील बुजवलेले तळे, विहीर किंवा ओढा शोधा. तिथे आज काय आहे आणि पावसाळ्यात काय होते, याची एक पानाची नोंद नकाशासह तयार करा.